चिंचोळीतील ‘ळ’ : ध्वनिसाम्य, निर्वचन आणि स्थलनामांचे वाचन

१

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहर येण्याआधी, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते. ज्या गावावरून या औद्योगिक वसाहतीला नाव मिळाले त्याला ‘चिंचोळी काटी’ असे म्हणतात. या नावाची गावे इतकी आहेत की नुसत्या ‘चिंचोळी’ने ओळख पटत नाही, त्याला दुसऱ्या शब्दाची जोड द्यावी लागते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात ‘मोराची चिंचोली’ आहे, मुंबईत मालाडला ‘चिंचोली बंदर’ आहे आणि कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात ‘चिंचोळी’ हे तालुक्याचे ठिकाण आहे. एवढ्या गावांत एकच नाव आढळते म्हणून त्या सर्व ठिकाणी तो एकच शब्द आहे असे मात्र आपोआप ठरत नाही. कुठे ‘ल’, कुठे ‘ळ’, हा फरक वरवर लेखनातला वाटतो. परंतु नावाचा सारा इतिहास त्या एका वर्णावर अडून राहिलेला असणे शक्य आहे.

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या भाषा शेजारी नांदणारे शहर आहे. त्यामुळे हे नाव तेथे एकाच कानाने ऐकले जात नाही. मराठी कानाला त्यात चिंचेचे झाड ऐकू येते आणि त्याच वेळी ‘चिंचोळा–चिंचोळी–चिंचोळे’ हे अरुंद या अर्थाचे विशेषणही ऐकू येते. तेलुगू भाषकाला आपला ‘चिंत’ हा शब्द आठवतो. गंमत अशी, की तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंचेचे झाड आणि ‘चिंत’ म्हणजे काळजीही. पैकी दुसरा संस्कृत ‘चिन्ता’वरून आलेला, पहिल्याशी त्याचे काही नाते नाही. कन्नड भाषकाला शेवटच्या अक्षरांत ‘ओळगे’, म्हणजे आत, या शब्दाचा भास होऊ शकतो. एका नावात अशी चार-पाच अर्थांची बीजे दिसू लागली की प्रश्न उभा राहतो: यांतील कोणता अर्थ नावाचा आहे आणि कोणता ऐकणाऱ्याचा? मराठीतील स्थलनामांच्या चर्चेत हा भेद फार वेळा पुसला गेला आहे. तो पुसल्याने भाषेच्या इतिहासाचे नुकसान झाले; त्याहून अधिक नुकसान अर्थनिर्मितीच्या आकलनाचे झाले.

२

ध्वनिसाम्य नात्याचा पुरावा नव्हे, हे भाषाशास्त्राचे पहिल्या पाठातले तत्त्व आहे. तरीही ते पुन्हा पुन्हा विसरले जाते, कारण साम्य कानाला लगेच जाणवते आणि नाते मात्र सिद्ध करावे लागते. ‘बदनाम’, ‘बदसूर’ या शब्दांतून मराठीच्या ओळखीचा झालेला फारसी ‘बद’ आणि त्याच अर्थाचा इंग्रजी ‘बॅड’ यांत ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, दोन्ही भाषा एकाच भारोपीय कुळातल्या आहेत. एवढे असूनही हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. उलट ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही ध्वनी कानाला सारखा वाटत नाही, पण ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. मराठी ‘चाक’ आणि त्या ‘व्हील’चे नाते खरे, ‘बद’ आणि ‘बॅड’चे खोटे.

एकाच भाषेच्या आतही हेच घडते. भाजीबरोबरचा ‘पाव’ पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, ‘पाव किलो’तला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’वरून. उच्चार तंतोतंत एक, लेखन एक, घराणी दोन. चतुर्थांश पोळी म्हणून तिला पाव म्हणत असावेत, अशी एखादी कथा कोणी रचली तर ती ऐकायला पटेलही. पटणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर येथे मोजता येते.

सोस्यूरने चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धान्त मांडला, त्याचा या संदर्भात नेमका अर्थ लक्षात घेतला पाहिजे. ध्वनी आणि अर्थ यांत नैसर्गिक बंध नसेल, तर दोन भाषांत सारखा ध्वनी सारख्या अर्थाला योगायोगानेही लाभू शकतो. हजारो शब्दांच्या दोन साठ्यांत असे योगायोग न घडते तरच नवल होते. म्हणून पुरावा एका जोडीत नसतो. तो नियमित संवादात असतो: एका भाषेतील अमुक ध्वनीच्या जागी दुसरीत तमुक ध्वनी अनेक शब्दांत सातत्याने यावा लागतो. व्युत्पत्तीचा अभ्यासक साम्य शोधत नाही. तो नियमित भेद शोधतो. ‘चिंचोळी’च्या बाबतीत असा एक नियमित भेद मराठीच्या घरातच उपलब्ध आहे.

३

ज्यूल ब्लॉक याच्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथाने (१९२०) ज्या ध्वनिनियमांची शिस्तवार मांडणी केली, त्यांपैकी एक येथे निर्णायक आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये आलेला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. जोड ‘ल्ल’ मात्र एकेरी होऊन ‘ल’च राहतो. फल–फळ, माला–माळ ही पहिल्या प्रकारची उदाहरणे. तैल–तेल्ल–तेल, मूल्य–मुल्ल–मोल ही दुसऱ्या प्रकारची. नियमाची खरी कसोटी जोड्यांमध्ये लागते. संस्कृत ‘काल’चा मराठीत ‘काळ’ झाला. संस्कृत ‘कल्य’चा प्राकृतात ‘कल्ल’ आणि मराठीत ‘काल’ झाला. संस्कृत ‘वेला’ची ‘वेळ’ झाली. ‘वल्ली’ची ‘वेल’ झाली. मराठी माणूस रोजच्या बोलण्यात ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांत गफलत करीत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृतातील एकेरी-दुहेरी व्यंजनांचा भेद तो नकळत पाळत असतो.

आता स्थलनामाकडे वळावे. ‘चिंच’ हा पूर्वपद संस्कृत ‘चिञ्चा’शी जुळतो. उत्तरपदासाठी दोन शक्यता सामान्यतः मांडल्या जातात. पहिली ‘पल्ली’, म्हणजे लहान वस्ती. समासात ‘प’चा ‘व’ होतो (दीप–दिवा), आणि ‘अव’चा ‘ओ’ होतो (लवण–लोण). चिञ्चापल्ली, चिंचवल्ली, चिंचोली: ही मालिका नियमाला धरून आहे. बोरिवली, डोंबिवली या कोकणपट्टीतील नावांचा शेवट याच ‘पल्ली’चा मानला जातो आणि तेथे ‘ल’ आहे. दुसरी शक्यता ‘आवलि’, म्हणजे रांग. हिच्यातूनच मराठी ‘ओळ’ आली. चिञ्चावलि, चिंचोळी: चिंचांची ओळ. येथे ‘ळ’ अपेक्षित आहे, आणि ‘ओळ’ या सामान्य नामात तो आहेही.

म्हणजे नियमानुसार ‘चिंचोली’ असेल तर चिंचेपाशी वसलेली वाडी, आणि ‘चिंचोळी’ असेल तर चिंचांची रांग. दोन्ही अर्थांत चिंच आहे. परंतु एका नावात माणसांची वस्ती नावाच्या घडणीतच शिरलेली आहे आणि दुसऱ्यात केवळ झाडे आहेत. वस्ती नंतर आली आणि झाडांचे नाव तिने घेतले. स्थलनामातून वसाहतीचा इतिहास वाचणाऱ्याला हा फरक मामुली वाटता कामा नये.

‘अरुंद’ या अर्थाच्या विशेषणाचा दावा मात्र टिकत नाही. विशेषणाला लिंगानुसार तीन रूपे आहेत. गावांच्या नावांत ‘-ओळी’ किंवा ‘-ओली’ हेच रूप सर्वत्र गोठलेले दिसते. शिवाय मालाडच्या किनाऱ्यापासून सोलापूरच्या पठारापर्यंत पसरलेल्या इतक्या गावांची जमीन एकाच आकाराची असण्यापेक्षा त्या सर्वांत चिंचेची झाडे असणे कितीतरी संभवनीय आहे. पिंपळ, वड, बोर, आंबा यांच्यावरून पडलेल्या गावांच्या नावांची संगतही चिंचेच्याच बाजूने साक्ष देते.

४

येथवरचे विवेचन संस्कृत–प्राकृत–मराठी या एकाच रेषेवर चालले. सोलापूरच्या परिसरात ती रेषा पुरत नाही. संस्कृत ‘पल्ली’ हा शब्दच द्राविड भाषांतून घेतलेला आहे, असे अभ्यासक मानतात. तमिळ ‘पळ्ळि’ आणि कन्नड ‘हळ्ळि’ यांत ‘ळ’ आहे. तेलुगू ‘पल्लि’, ‘पल्ले’ यांत ‘ल’ आहे. अभिजात संस्कृतात स्वतंत्र ‘ळ’ नसल्याने तेथे ‘पल्ली’ हेच रूप रूढ झाले. म्हणजे ‘चिंचोळी’तील ‘ळ’ मराठीच्या ध्वनिनियमाने आला असे म्हणता येते, तसे तो दक्षिणेकडील भाषेच्या संपर्काने आला असाही पक्ष मांडता येतो. परंतु दुसऱ्या पक्षाला एक अडचण आहे. कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा ‘ह’ झालेला आहे. त्या भाषेच्या उत्तरकालीन वळणाचे नाव ‘-हळ्ळी’ असे संपावयास हवे. ‘-ओळी’ हे रूप त्या घडणीत बसत नाही. ‘आवलि’चा पक्ष त्यामुळे अधिक सरळ ठरतो.

पूर्वपदाचेही तसेच. हिंदीत चिंचेला ‘इमली’ म्हणतात, ती ‘अम्लिका’वरून, कन्नडमध्ये ‘हुणसे’, तमिळमध्ये ‘पुळि’. मराठी ‘चिंच’ला सर्वांत जवळचा शब्द तेलुगू ‘चिंत’ आहे आणि संस्कृत ‘चिञ्चा’मागे द्राविड शब्द असावा असे मत व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी मांडलेले आहे. आंध्र-तेलंगणात ‘चिंतपल्ली’ नावाची गावे आहेत. ती चिंचोलीची अर्थाने सख्खी बहीणच. म्हणजे जे नाव संस्कृतज्ञ ‘चिञ्चा’ अधिक ‘पल्ली’ असे निःशंकपणे फोडेल, त्याची दोन्ही पदे मुळात संस्कृताबाहेरची असणे शक्य आहे.

कलबुर्गीतील ‘चिंचोळी’ या संदर्भात बोलकी आहे. १९५६ पूर्वी तो भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला. तेथील लोकांच्या भाषेत चिंच म्हणजे ‘हुणसे’; तरी गावाच्या नावात ‘चिंच’च आहे. यावरून ते गाव ‘मूळचे मराठी’ असे म्हणण्याचा मोह होईल. त्या मोहाला सोलापूर जिल्ह्यातच उत्तर आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतील आद्य मानल्या जाणाऱ्या लेखांमध्ये त्याची गणना होते. ज्या गावी तो सापडला त्याच्या नावातला ‘कूडल’ हा कन्नड शब्द आहे आणि त्याचा अर्थ संगम. त्याच नावाच्या दुसऱ्या क्षेत्रावरून बसवेश्वरांनी आपल्या वचनांची ‘कूडलसंगमदेव’ ही नाममुद्रा घेतली. मराठीचा एक आद्य लेख कन्नड नावाच्या गावी, आणि मराठी शब्दाचे नाव कन्नड मुलखात. नावाने मुलूख ठरवायचा म्हटल्यास दोन्ही बाजूंना आपापले दावे सोडावे लागतील.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील प्रदेश कर्नाटकाला देण्याची शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. अशा वातावरणात गावाचे नाव कोणत्या भाषेचे, हा प्रश्न गाव कोणाचे, या प्रश्नाचा मुखवटा होऊन बसतो. नाव मात्र फार तर एवढेच सांगते, की ते पडले त्या वेळी तेथे कोणता शब्द प्रचारात होता.

५

मराठीतील व्युत्पत्तिविचाराचा इतिहास पाहता एक गोष्ट जाणवते: मूळ भाषा आधी ठरते आणि व्युत्पत्ती नंतर सापडते. वि. का. राजवाडे यांनी गावांच्या नावांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. त्यांच्याआधी मराठीत एवढ्या व्यापक प्रमाणावर कोणी नावे गोळा केली नव्हती. परंतु बहुतेक नावांमागे त्यांनी संस्कृत रूप उभे केले, आणि जेथे ते सहजी मिळेना तेथे ते बनवले. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) आणि त्यानंतरच्या लेखनातून याला उलट दिशा दिली. संस्कृत, मराठी आणि तमिळ यांना एकत्र घेणारी त्यांची ‘संमत’ विचारसरणी अनेक देशी शब्दांकडे पुन्हा पाहावयास लावते. तिने एका जुन्या पूर्वग्रहाला हादरा दिला हे खरे. पण शब्दाशब्दाचे साम्य पुरेसे मानण्याची सवय तीतही शिल्लक राहिली. दिशा बदलली, कसोटी बदलली नाही.

या सवयीचे टोक पु. ना. ओक यांच्या लेखनात दिसते. ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’, ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ ही त्यांची समीकरणे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. व्हॅटिकन हे रोममधील एका टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे आहे, एवढे सांगितले की समीकरण ढासळते. परंतु त्यांना हसून मोकळे होणाऱ्या अभ्यासकाने स्वतःला विचारले पाहिजे, की राजवाडे आणि ओक यांच्यामधली सीमारेषा नेमकी कोणती? ती व्यासंगाची आहे, हे पुरेसे उत्तर नव्हे. उत्तर नियमाचे असले पाहिजे. जी व्युत्पत्ती एका शब्दापुरता नियम निर्माण करते आणि पुढच्या शब्दासाठी तो मोडते, ती कोणीही सांगितली तरी तिची जात एकच.

६

तरीही ध्वनिसाम्यावरून अर्थ लावण्याची रीत अडाणीपणाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. भारतीय परंपरेत तिला शास्त्राचे स्थान आहे. यास्काने ‘निरुक्ता’त सांगितले की अर्थावर दृष्टी स्थिर ठेवावी, आणि साम्य एका अक्षराचे वा वर्णाचे असले तरी त्यावरून निर्वचन करावे, शब्द अनिरुक्त सोडू नये. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्राच्या मापाने ही शिफारस अनर्थकारक वाटेल. पण यास्काचा प्रश्न ‘हा शब्द कोठून आला’ हा नव्हताच. ‘या शब्दात काय काय ऐकता येते’ हा होता. निर्वचन हा अर्थव्यापार आहे, वंशावळ नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातीलच पंढरपूरचे उदाहरण घ्यावे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात दाखवले की ‘पंडरगे’ हे क्षेत्राचे जुने कन्नड वळणाचे नाव आहे आणि ‘पांडुरंग’ हे देवाचे नाव त्या क्षेत्रनामाचे संस्कृतीकरण आहे. ‘पांडुर अंगाचा’, म्हणजे गौर, असा अर्थ त्यातून निघाला, आणि भक्तांनी तो सावळ्या मूर्तीच्या ठायी आनंदाने नांदवला. ‘विठ्ठल’ आणि ‘वीट’ यांचे साम्यही तसेच. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. पण त्या साम्याने मराठी भक्तिकाव्याला त्याची मध्यवर्ती प्रतिमा पक्की करून दिली. येथे ध्वनिसाम्य खोटे इतिहास-विधान आहे आणि खरे काव्य-विधान आहे. समीक्षेला दोन्ही विधाने एकाच वेळी करता आली पाहिजेत.

खुद्द सोलापूरचे नाव याच द्वंद्वात सापडले आहे. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, ही कथा शहरात सर्वश्रुत आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या गावाचे नाव मात्र ‘सोन्नलिगे’ किंवा ‘सोन्नलगे’ असे आढळते आणि पुढे लेखांतून ‘सोनलपूर’सारखी रूपे येतात. ‘सोळा’ हा अर्थ ‘न’ गळून पडल्यानंतरच ऐकू येऊ शकतो. म्हणून तो उत्तरकालीन आहे. उलट, ‘सोन्न’मध्ये मराठी कानाला ‘सोने’ ऐकू येईल आणि कन्नड कानाला ‘सोन्ने’, म्हणजे शून्य. एका नावात सोने, शून्य आणि सोळा! यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. पण सोळा गावांची कथा शहराने का जपली, हा प्रश्न उरतोच. आपण अनेकांचे मिळून झालो, हे त्रिभाषी नगराने स्वतःविषयी केलेले निवेदन त्या कथेत आहे. तिला इतिहास म्हणून नाकारावे आणि आत्मकथन म्हणून वाचावे.

७

चिंचेच्या नावावरून सुरू झालेली ही चर्चा दूरच्या एका समध्वनी नावापाशी नेली असता निष्कर्ष अधिक स्पष्ट होतो. स्पेनमध्ये माद्रिदजवळ ‘चिंचोन’ नावाचे गाव आहे. तेथील सरदारपत्नी पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी होती; हिवतापावरील साल तिच्यामुळे युरोपास कळली अशी कथा होती. ती कथा ग्राह्य धरून लिनिअसने १७४२ मध्ये त्या झाडाच्या प्रजातीला ‘सिंकोना’ हे नाव दिले. पुढे संशोधकांनी ती कथा निराधार ठरवली. ‘चिंचोन’ आणि ‘चिंचोळी’ यांचा एकमेकांशी काडीमात्र संबंध नाही. एकीकडे झाडाने गावाला नाव दिले, दुसरीकडे गावाने झाडाला. साम्य केवळ ध्वनीत आहे, आणि दोन्ही नावांची रीत अगदी उलट आहे.

मात्र एका बाबतीत ही दोन नावे शेजारी बसवण्यासारखी आहेत. लिनिअसच्या लेखनात गावाच्या नावातील ‘ह’ दर्शवणारे रोमन अक्षर गळले. सिंकोनाची लागवड भारतात आणणारा क्लेमेंट्स मार्कहॅम याने १८७४ मध्ये पुस्तक लिहून ते अक्षर परत घालण्याचा आग्रह धरला. त्याचे कोणी ऐकले नाही. एक अक्षर गेले की झाडाच्या नावातून गाव ऐकू येईनासे होते, हे त्याने ओळखले होते. ज्या कथेवर त्याचा विश्वास होता ती खोटी निघाली. अक्षराविषयीचे त्याचे म्हणणे खरेच राहिले.

चिंचोळीपुढे आज तोच प्रश्न आहे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना सामान्यतः एकच अक्षर मिळते. रोमनमधून हे नाव पुन्हा देवनागरीत येते तेव्हा हिंदीच्या वळणाने ते ‘चिंचोली’ होते, कारण प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. नकाशे, पाट्या, पावत्या, अर्ज यांतून हे रूप रूढ होत गेले की पुढच्या अभ्यासकाला ‘पल्ली’ आणि ‘आवलि’ यांत निवड करण्याचे साधनच उरणार नाही. जुनी मोडी कागदपत्रे आणि गावातील वृद्धांचा उच्चार हे दोनच साक्षीदार राहतात, आणि दुसरा फार काळ थांबणारा नाही. प्रत्येक चिंचोळी-चिंचोलीचा स्थानिक उच्चार नोंदवून तो जुन्या लेखनाशी ताडून पाहणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी कोणत्याही पूर्वज-भाषेवर आधी श्रद्धा ठेवावी लागत नाही.

याच नावाचा उत्तरार्ध त्या विद्यार्थ्याला आणखी एक धडा देईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘एमआयडीसी’ हा शब्द आज महामंडळाचा वाचक राहिलेला नाही; ‘एमआयडीसीत कामाला आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मनात कारखान्यांची वसाहत असते. ‘शिरोली एमआयडीसी’, ‘चिंचोळी एमआयडीसी’ यांत तो ‘पूर’, ‘पेठ’, ‘वाडी’ यांच्या पंक्तीला जाऊन बसला आहे. ‘पल्ली’ही एके काळी अशीच परभाषेतून आली, सामान्य नाम झाली, नावांना चिकटली आणि शेवटी दोन अक्षरांत विरून गेली. काही शतकांनी कोणी ‘एमआयडीसी’च्या झिजलेल्या रूपाची संस्कृत व्युत्पत्ती सांगू लागला, तर त्याला अडवण्यासाठी ध्वनींच्या नियमांखेरीज आणि आज केलेल्या नोंदींखेरीज दुसरे काही हाती असणार नाही.